कॅल्शिअम क्लोराइडच्या नावात 'दोन' का नाही?

भाचीच्या चाचणीच्या पेपरात 'कॅल्शिअम डायक्लोराइड' या उत्तरावर लाल फुली होती. बाजूला एक अक्षर नाही. सूत्रात क्लोरिन दोन, मग डाय म्हटलं तर बिघडलं कुठे, असा तिचा सरळ सवाल. "कार्बन डायऑक्साइडले डाय चालते, मग ह्याले काहून नाही चालत, मावशी?" शिकवणीच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, नियम आहे, लिहून घ्या. असं सांगितलं की मुलं लिहून घेतात, गप्प बसतात आणि सहामाहीला तीच चूक पुन्हा करतात.

ही माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. घर काटोलकडे, संत्र्याची बाग. नववीपासून शाळेसाठी नागपुरात माझ्याकडे राहते. शाळा सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत, इतर विषय मराठीत आणि मैत्रिणींशी भांडणं अस्सल नागपुरीत. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आणि पुढे आयुष्यभर हिशेबाच्या टेबलावर बसले. त्यामुळे रविवारी तर्री-पोहे झाले की तिची वही उघडायची याची मलाच घाई असते.

तिच्या प्रश्नाचं उत्तर तसं दोन वाक्यांचं आहे. कॅल्शिअम जिथे जाईल तिथे दोन इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो, त्याच्यावर दोन धन प्रभार उरतात. क्लोरिन एकच इलेक्ट्रॉन घेतो, त्याच्यावर एक ऋण. असे प्रभार असलेले अणू म्हणजे आयन, आणि त्यांच्या संयुगात, म्हणजे आयनिक संयुगात, शेवटी बेरीज शून्य यावीच लागते, म्हणजे एका कॅल्शिअमला क्लोराइड दोनच लागणार. दीड नाही, तीन नाही. जे आधीच ठरलेलं आहे ते नावात कशाला सांगायचं? कार्बनचं तसं नसतं. ऑक्सिजनशी त्याची जोडी एकास एक जमते आणि एकास दोनही जमते. एकास एकवाला वायू बंद खोलीत शेगडी धुमसत ठेवली तर माणसाचा जीव घेतो, एकास दोनवाला सोड्याच्या बाटलीत फसफसतो. तिथे आकडा सांगितला नाही तर कुठला वायू म्हणायचा?

हे मी तिला नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीवरून सांगितलं. गल्लीत जोशी एकच. 'जोशींकडे वाटी देऊन ये' एवढं म्हटलं की पोरगं बरोबर पोचायचं. देशमुखांची मात्र दोन घरं होती. तिथे 'माडीवाले देशमुख' की 'विहिरीजवळचे देशमुख' हे सांगावंच लागायचं, नाही तर वाटी हमखास भलत्या घरी. कॅल्शिअम हा जोशी. लोखंड, तांबं, कथील, शिसं हे देशमुख. नावात तेवढंच घालायचं, जेवढं दुसऱ्या कुठून कळणार नाही. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणाची किल्ली एवढीच आहे, आणि नववीच्या मुलाच्या हातात ती पहिल्याच तासाला द्यायला हवी.

मग तिने जोशांची यादी मागितली. सोडिअम, पोटॅशिअम, चांदी हे एकवाले, म्हणजे प्रभार एक. मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, बेरिअम, जस्त हे दोनवाले. ॲल्युमिनिअम तीनवाला. यांच्या संयुगांना नाव देणं म्हणजे हातचा मळ. धातूचं नाव जसंच्या तसं आधी, मग अधातूच्या नावाचं शेपूट कापून तिथे 'आइड': क्लोरिनचं क्लोराइड, ऑक्सिजनचं ऑक्साइड, सल्फरचं सल्फाइड, नायट्रोजनचं नायट्राइड. संपलं.

शिकवण्यांमध्ये मात्र सुरुवात होते ती तिरकस गुणाकाराने. याचा आकडा त्याच्या पायाशी, त्याचा याच्या पायाशी, झालं सूत्र तयार. ही युक्ती मला मनापासून आवडत नाही. उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं, पण का आलं ते झाकलं जातं. मॅग्नेशिअम ऑक्साइडला ती 'एमजी टू ओ टू' करून देते, आणि मग दोनने भागायचं असतं हा आणखी एक नियम लिहून घ्यावा लागतो. त्यापेक्षा प्रभार मोजायला लावले तर भागायची वेळच येत नाही: दोन धन, दोन ऋण, एकास एक. ॲल्युमिनिअम ऑक्साइडला तीन-तीनचे दोन आणि दोन-दोनचे तीन, सहाला सहा फिटले. भाचीने अशी सात-आठ सूत्रं केली आणि म्हणाली, "हे तर लसावि आहे." आहेच.

याच ओघात एक गोष्ट तिला सांगितली, ती तिच्या पुस्तकातही आहे पण एका ओळीत. मिठात 'मिठाचा रेणू' नावाची वस्तूच नसते. एक सोडिअम आणि एक क्लोरिन हातात हात घालून बसलेत असं चित्र आपण डोक्यात काढतो, ते चुकीचं आहे. खड्यात प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम, अशी रांग सगळीकडे पसरलेली. कोण कुणाचा, हे सांगता येत नाही. सूत्र सांगतं ते फक्त प्रमाण. १९१३ साली लॉरेन्स ब्रॅग या तरुणाने क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना उलगडली, आणि १९१५चं नोबेल वडिलांबरोबर घेतलं तेव्हा तो २५ वर्षांचा होता. मौज अशी की हेन्री आर्मस्ट्राँग या जुन्या जाणत्या रसायनशास्त्रज्ञाला हे इतकं झोंबलं की १९२७मध्ये त्यांनी 'नेचर'मध्ये चिडून पत्र लिहिलं. बिचाऱ्या मिठाला बुद्धिबळाचा पट काय करून टाकता, असा एकूण सूर. म्हणजे साध्या मिठाबद्दल भल्याभल्यांचं एकमत व्हायला इतका वेळ लागला. नववीतल्या मुलीला पहिल्या फटक्यात पटलं नाही तर तिचा काय दोष?

मी स्वतः या पदार्थांची नावं शाळेच्या आधी नागपूरच्या इतवारी बाजारात ऐकली. बाबा किराणा ओळीतल्या एका ठोक दुकानात लिहायला होते. सुट्टीत डबा घेऊन गेले की गोणींवर बसायला मिळायचं. तुरटी, नवसागर, मोरचूद, हिराकस, टाकणखार, सोरा. ऐकायला किती छान नावं, पण आत काय आहे याचा पत्ता लागू देत नाहीत. मोरचूद निळं, हिराकस हिरवट. दोन्ही सल्फेटंच, एक तांब्याचं आणि एक लोखंडाचं, हे त्या नावांवरून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

युरोपातही अठराव्या शतकात हाच गोंधळ होता. कुठे गावावरून नाव, कुठे माणसावरून, कुठे रंगावरून. एप्सम गावच्या झऱ्याचं ते एप्सम सॉल्ट, ग्लाउबरने केलं ते ग्लाउबर सॉल्ट. हे निस्तरायचं पहिल्यांदा मनावर घेतलं ते गितों द मोर्व्हो या दिजाँच्या वकिलाने. वकिलाला अशा कामाची खुमखुमी असावी यात मला तरी नवल वाटत नाही. मग लॅव्हॉझिए, बेर्तोले आणि फूरक्रुआ त्याला येऊन मिळाले, आणि १७८७मध्ये चौघांनी मिळून नामकरणाची पद्धत छापली. नाव ऐकताच घटक कळले पाहिजेत, ही त्यातली मुख्य अट. आजचे 'एट' आणि 'आइट' हे शेवट तिथूनच आले.

पण जुनी नावं सहजासहजी जागा सोडत नाहीत. दिवाळीत काटोलला गेलो तेव्हा भाऊजींच्या कोठीत खतांच्या बॅगा लागल्या होत्या. मी भाचीला म्हटलं, वाच. एका बॅगेवर 'म्युरेट ऑफ पोटॅश'. हे कोण म्युरेट? हे आपलं क्लोराइडच. मिठाच्या आम्लाला पूर्वी म्युरिॲटिक ॲसिड म्हणत, त्याच्या क्षारांना म्युरेट. लॅव्हॉझिएच्या मंडळींना तर खात्री होती की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, तेव्हा याच्यातही असणार. १८१०मध्ये हम्फ्री डेव्हीने सांगितलं की नाही बुवा, क्लोरिन हे स्वतःच एक मूलद्रव्य आहे. तिथून क्लोराइड आलं आणि प्रयोगशाळेतून म्युरेट हद्दपार झालं. पण खताच्या धंद्यात ते दोनशे वर्षांनंतरही ठाण मांडून बसलंय, आणि आमच्या भाऊजींच्या तोंडी तर तेही नाही, नुसतं 'लाल पोटॅश'. लाल का, तर दाण्यांमध्ये आयर्न ऑक्साइडचा अंश असतो. गंज ज्या कुळातला, त्याच कुळातलं ते.

त्याच बॅगेवर ०-०-६० छापलेलं, म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशिअम यांचे आकडे ओळीने. भाचीने लगेच हिशेब लावला, साठ टक्के पोटॅशिअम. तसंही नाही. हा आकडा पोटॅशिअम ऑक्साइडच्या मापात सांगतात, आणि बॅगेत पोटॅशिअम ऑक्साइडचा कण नसतो! बॅगेत शंभर टक्के शुद्ध पोटॅशिअम क्लोराइड भरलं तरी या मापाने ६३च भरेल. नाव एका शतकातलं, माप दुसऱ्याच पदार्थाचं आणि माल तिसरा. शेतकऱ्याचं यावाचून काही अडत नाही हे खरं. पण मुलांना रसायनशास्त्र रटाळ का वाटतं म्हणून सेमिनार भरवण्यापेक्षा त्यांना एकदा कोठीत नेऊन बॅगा वाचायला लावल्या तर बरं, असं मला वाटतं.

शेजारची बॅग डीएपी, म्हणजे डाय-अमोनिअम फॉस्फेट, १८-४६. इथे भाची एकदम उसळली. "डाय-अमोनिअम! तू तर म्हणत होती आयनिकमध्ये डाय येत नाही!" पकडलंन मला. अमोनिअम एकवाला, फॉस्फेट तीनवाला. मग अमोनिअम तीन हवेत, दोन कसे? कारण फॉस्फेटच्या तीन जागांपैकी एक इथे हायड्रोजनने धरलेली असते. दोन जागा हायड्रोजनने धरल्या तर अमोनिअम एकच मावतो, आणि तेही खत बाजारात मिळतं, मोनो-अमोनिअम फॉस्फेट. म्हणजे इथे देशमुख निघाले. नुसतं अमोनिअम फॉस्फेट म्हटलं तर कुठलं ते कळणार नाही, म्हणून मोनो आणि डाय. नियम मोडला नव्हता. नियमाचं कारण होतं तिथेच होतं. ती बॅगेवर हात ठेवून थोडा वेळ पुटपुटत राहिली, मग म्हणाली, "बरोबर आहे."

आणि मग बोर्डो. संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागतो, खोडातून डिंक गळायला लागतो आणि साल कुजते. त्यावर पावसाळ्याच्या आधी खोडाला बोर्डो पेस्ट फासतात. काटोल रोडने जाताना बागांमधली झाडं कमरेपर्यंत निळसर-पांढरी रंगवलेली दिसतात, ती हीच. फ्रान्समध्ये बोर्डोच्या द्राक्षबागांत मिलार्देने १८८५मध्ये याचा उपयोग जाहीर केला, म्हणून हे नाव. पेस्टचं प्रमाण भाऊजींना तोंडपाठ: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

गेल्या उन्हाळ्यात भाचीला मुद्दाम तिथे उभं केलं. एका प्लास्टिकच्या टाकीत मोरचूद कुटून विरघळवलं, गडद निळं पाणी. दुसऱ्या टाकीत कळीचा चुना. त्यावर पाणी पडताच तो सणसणला, फुटला, वाफ निघाली. वहीतलं कॅल्शिअम ऑक्साइड डोळ्यांदेखत कॅल्शिअम हायड्रॉक्साइड झालं. सूत्र लिहिताना तिने ओएचला कंस घातला आणि दोन बाहेर लिहिला, कारण हायड्रॉक्साइड हा दोन अणूंचा मिळून एक आयन, तो अख्खाच दोनदा घ्यायचा. कंस विसरला की हायड्रोजन दोन आणि ऑक्सिजन एकच उरतो, मग सगळंच फिसकटतं. दोन्ही पाणी गार झाल्यावर तिसऱ्या टाकीत एकत्र ओतून काडीने ढवळलं. निळा रंग फिकट झाला, दाट आभाळी लगदा तयार झाला. त्यात मुख्यतः कॉपर हायड्रॉक्साइड आणि कॅल्शिअम सल्फेट, जोडीदार बदललेले.

भाऊजींनी विळा घासून लख्ख केला आणि लगद्यात बुडवून धरला. बाहेर काढला तर पात्यावर तांबूस थर. "कच्चं आहे, चुना घाल अजून," ते गड्याला म्हणाले. तांब्याचे आयन अजून मोकळे असले की लोखंड त्यांना आपले इलेक्ट्रॉन देतं, स्वतः पाण्यात उतरतं, आणि तांबं पात्यावर बसतं. म्हणूनच बोर्डो लोखंडी बादलीत करत नाहीत. चुना वाढवला, विळा पुन्हा घासून बुडवला, या खेपेला पातं कोरं निघालं. भाऊजी बारावी कला शाखेचे. आयन शब्द त्यांनी कधी वापरला नसेल, पण मोकळं तांबं उरलंय की नाही हे त्यांना बरोबर कळतं.

"मावशी, कॉपर देशमुख ना? मग कॉपर सल्फेटले आकडा काहून नाही?" प्रश्न अगदी रास्त. तांबं एकवालंही असतं आणि दोनवालंही. पण एकवाल्या तांब्याचं सल्फेट पाण्यात टिकतच नाही. दुकानात आणि शेतात मिळतं ते दोनवालंच, मग कोण कशाला आकडा बोलेल? ऑक्साइडचं तसं चालणार नाही. एकवाल्या तांब्याचं लाल, दोनवाल्याचं काळं, आणि दोन्ही बरणीत नांदतात. परीक्षेत मात्र सल्फेटलाही कॉपर, कंसात रोमन दोन, मग सल्फेट असंच लिही, असं तिला बजावलं. पेपर तपासणारा काटोलचा नाही.

रोमन आकड्यांची ही सोय आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१९मध्ये सुचवली. त्याआधी होतं फेरस-फेरिक, क्युप्रस-क्युप्रिक, स्टॅनस-स्टॅनिक. यात 'अस' म्हणजे कमी आणि 'इक' म्हणजे जास्त, एवढंच कळतं. कमी म्हणजे किती? लोखंडात दोन, तांब्यात एक. जास्त म्हणजे किती? लोखंडात तीन, तांब्यात दोन, कथलात चार. म्हणजे पाठांतराला पर्याय नाही. स्टॉकचा आकडा सरळ प्रभार सांगतो, पण त्यातही एक खड्डा आहे. तो आकडा प्रभाराचा, अणूंच्या संख्येचा नाही. गंजाच्या सूत्रात लोखंडाच्या पायाशी दोन असतो आणि नावात कंसात रोमन तीन. हे पाहून मुलं हमखास बिचकतात. ऑक्सिजन तीन, म्हणजे ऋण सहा, ते दोन लोखंडांत वाटले, प्रत्येकी तीन. इथेही पुन्हा मोजायचंच.

जुनी नावं गेली म्हणावं तर तसंही नाही. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीच्या पाकिटावर फेरस सल्फेट असतं, म्हणजे इतवारीतलं ते हिराकसच. शरीराला दोनवालं लोखंड तीनवाल्यापेक्षा सोपं जातं, तेव्हा तो 'अस' उगाच नाही. आणि आपल्या जिल्ह्यातल्या मनसर-कांद्रीच्या मॅंगनीजची तर बातच और. ते दोनवालं, चारवालं आणि विहिरीत टाकायच्या लाल औषधात चक्क सातवालं. आकड्याशिवाय त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

एक भाग मात्र समजावून सांगता येत नाही, निदान नववीत नाही. सल्फेटमध्ये ऑक्सिजन चार, नायट्रेटमध्ये तीन, कार्बोनेटमध्ये तीन, फॉस्फेटमध्ये चार. 'एट'पेक्षा 'आइट'मध्ये ऑक्सिजन एक कमी, इतकंच नातं. बाकी घोका. मी तिला तसं स्पष्ट सांगून टाकलं. चाळीस मूलकांचा, म्हणजे अशा आयनांचा, तक्ता मात्र फाडायला लावला, दहा-बारा पुरतात. अक्षर नीट वाच एवढंच बजावलं. पोटॅशिअम क्लोराइड खताच्या बॅगेत असतं आणि पोटॅशिअम क्लोरेट आगकाडीच्या गुलात.

काल तिने काटोलहून आणलेला मोरचूदाचा खडा टेबलावर ठेवला आणि पूर्ण नाव शोधून काढलं: कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट. या वेळी मला विचारायच्या आधी स्वतःच बोलली. पाण्याला प्रभार नाही. मग किती पाणी बसलंय हे बेरजेवरून कळणार कसं? म्हणून पेंटा सांगावं लागतं. मी फक्त धुण्याच्या सोड्याची भर घातली. त्याच्या खड्यात पाण्याचे रेणू दहा, म्हणून डेकाहायड्रेट. पण डबा उघडा राहिला की हवेत त्यातले नऊ उडून जातात, एक उरतो आणि खड्याची भुकटी होते.

"मंग डब्यावरचं नाव खोटं झालं ना?"

झालं. आणि वजनही. २८६ ग्रॅमचे १२४ होतात. म्हणजे जुन्या डब्यातला सोडा घ्यायचा तर तराजूवर निम्म्याहून कमीच घ्यावा लागेल. हे गणित तिने करून मोरीतल्या डब्यावर स्केचपेनने लिहून ठेवलंय, आणि कामवाल्या ताईंनी ते वाचून मला विचारलंय की हा एवढा मोठा आकडा भावाचा आहे का.